थोटे बाबा आणि राणीचा रुपया

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग आमच्या मावळातला पावसाळा, मग भाच्याच्या कागदपत्रांची पळापळ. पण त्या पळापळीतच असं काही हाती लागलं की लिहिल्यावाचून राहवेना. आमच्या माहेरघरातली एक जुनी गोष्ट त्यामुळे बदलली. ती गोष्ट मी तीस वर्षं वर्गात मुलांना सांगत आले, तेव्हा दुरुस्त करणंही माझ्याकडेच येतं.

गोष्ट अशी होती. आमचे खापरपणजोबा, म्हणजे माझ्या आजोबांचे आजोबा, खंडाळ्याच्या घाटात रेल्वेचं काम चाललं होतं तेव्हा तिथे मुकादम होते. हाताखाली शंभर माणूस. साहेब त्यांना विचारल्याशिवाय सुरुंग लावत नसे! पहिल्या पगाराचा राणीछाप चांदीचा रुपया त्यांनी देवापुढे ठेवला, तो अजून आमच्या देव्हाऱ्यात आहे आणि लक्ष्मीपूजनाला तबकात असतो. दादा (माझा थोरला भाऊ) हे इतक्या अभिमानाने सांगतो की पाहुणे रुपया हातात घेऊन कपाळाला लावतात. मीही चौथीच्या मुलांना बोरघाट शिकवताना छाती पुढे काढून सांगायचे, "हा घाट बांधणाऱ्यांत आमचे पणजोबांचे वडील होते, मुकादम होते." मुलं डोळे मोठे करून ऐकायची. बाईंचे पणजोबा म्हणजे मुलांना शिवाजी महाराजांच्या वेळचेच वाटायचे.

आता झालं काय, २०२३ साली शिंदे समिती नेमली गेली आणि जुन्या कुणबी नोंदी शोधायला सगळीकडची दप्तरं बाहेर आली. शाळांची जनरल रजिस्टरं, गाव नमुना चौदा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, ती जन्म-मृत्यूची वही. एरवी कोण बघतो त्यांच्याकडे! मोडी वाचणाऱ्या माणसांना एकदम भाव आला. आमचा भाचाही त्या रांगेत उभा राहिला. त्याला हवी ती नोंद मिळाली. पण शोधता शोधता त्याने कुसगावच्या वहीतल्या एका पानाची नक्कल आणून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "आत्या, हे आपलेच का गं?"

मला मोडी येत नाही. माझ्या पिढीला ती शाळेत शिकवलीच नाही, याचा आता फार राग येतो. ज्या गृहस्थांनी वाचून दिलं त्यांनी पेन्सिलीने खाली बाळबोधीत लिहून दिलं होतं. साल १८९४. नाव, बापाचं नाव. वय अजमासे साठ. मरणाचं कारण ताप. आणि नावापुढे, आडनावाच्या जागी, एकच शब्द: थोटा.

(नाव इथे देत नाही. भाच्याचं प्रकरण अजून कचेरीत आहे, आणि घरच्यांना ते ठाऊक आहेच.)

वाचक म्हणतील, पाटलाने किंवा कुलकर्ण्याने सरकारी वहीत असं टोपणनाव कसं लिहिलं? पण गावात एकाच नावाची तीन-तीन माणसं असायची. आडनाव सांगून कोणाला कळणार? लंगडा, काळा, थोटा, घाटावरचा, अशीच ओळख. लिहिणाऱ्याला खोड काढायची नव्हती. नेमका कोण मेला हे त्याला नोंदवायचं होतं, एवढंच.

तो शब्द वाचला आणि मला आजी आठवली. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, ती मी मॅट्रिक झाले त्याच्या आसपास गेली. तिने त्या खापरपणजोबांना पाहिलेलं नव्हतं, पण तिच्या सासूने म्हातारपणी त्यांचं सगळं केलं होतं. त्या सासूकडून ऐकलेलं आजी चुलीपुढे सांगायची. आणि आजी त्यांना मुकादम कधीच म्हणायची नाही. ती म्हणायची "थोटे बाबा." थोटे बाबांना ताट वाढलं की भाकरी कुस्करून द्यावी लागायची. थोटे बाबा डाव्या हाताने विळा धरायचे. उजव्या हाताची तीन बोटं घाटात राहिली, असं आजी म्हणायची. "राहिली" हाच शब्द, जणू ती विसरून आले! आम्ही पोरं हसायचो.

बघा, एकाच माणसाच्या दोन गोष्टी एकाच घरात चालत होत्या. ओसरीवर बसून पुरुष सांगायचे ती मुकादमाची, आणि चुलीपुढे बायका सांगायच्या ती थोटे बाबांची. मी आयुष्यभर शिक्षिका, इतिहास शिकवलेला. तरी वर्गात सांगायला ओसरीवरचीच गोष्ट उचलली. का, तर ती ऐकायला बरी वाटायची.

मग मला चैन पडेना. मुकादमाची बोटं सुरुंगात कशी जातील? मुकादम हजेरी घेतो, खाडे मांडतो, माणसं आणतो, ओरडतो. सुरुंगाची दारू ठासतो तो मजूर. मी भाच्याला म्हटलं, आता तू ज्या शाळेच्या रजिस्टराची नक्कल काढलीस तीही दाखव. ते १८९५चं पान होतं, माझ्या आजोबांच्या शाळाप्रवेशाचं. रजिस्टर कसं वाचायचं ते मला सांगायला नको, आयुष्य त्यावर सह्या करण्यात गेलं. पालकाचा धंदा या रकान्यात लिहिलं होतं: "रेलवे ग्यांग मुकादम."

आलं लक्षात? आजोबांचे पालक म्हणजे माझे पणजोबा, थोटे बाबांचा मुलगा. मुकादम तो होता. घाट बांधून झाल्यावर कित्येक वर्षांनी, रुळांची देखभाल करणाऱ्या दहा-बारा माणसांच्या गँगचा. शंभर माणूसही नाही, साहेबाचा सल्लागारही नाही. मुलाचं पद घरातल्यांनी हळूच उचलून बापाच्या डोक्यावर ठेवलं. बापाची बोटं मात्र बायकांकडेच राहिली.

राहता राहिला रुपया. त्यावर साल आहे १८६२. दादा म्हणतो हाच मोठा पुरावा, कारण घाट पुरा झाला १८६३ला, म्हणजे पगाराचाच रुपया. मलाही तसंच वाटायचं. पण जुन्या नाण्यांचा नाद असलेल्या एका ओळखीच्या सरांना फोटो पाठवला तर ते हसायला लागले. म्हणाले, बाई, १८६२ साल घातलेले रुपये टांकसाळीत पुढे दहा-बारा वर्षं तसेच पडत होते, साल बदललंच नव्हतं. १८७४ पासून खरं साल घालू लागले. तुमच्या रुपयावर राणीला नुसतं "क्वीन" म्हटलंय, १८७७ पासून "एम्प्रेस" येतं, एवढंच काय ते सांगता येईल. म्हणजे तो रुपया घाटातलाही असेल, नाहीतर बैल विकलेल्या पैशांतलाही असेल. दादाला हे अजून सांगितलेलं नाही. लक्ष्मीपूजन होऊन जाऊ दे.

तर आता हातात काय उरलं? १८९४ला साठीचा, म्हणजे जन्म १८३४च्या आगेमागे. घाटाचं काम १८५६च्या जानेवारीत सुरू झालं तेव्हा बाविशीतला पोरगा. कुसगावचा. तीन बोटं घाटात. एवढ्यावरून माणूस उभा करायचा. त्याच्याविषयी कागद नाही, पण घाटाविषयी ढीगभर कागद आहेत. इंग्रजी मला कोशाची काठी घेऊन चालावं लागतं, तरी भाच्याच्या मदतीने १८८५चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर चाळलं, आणि इयन कर नावाच्या इतिहासकाराचं हिंदुस्थानातल्या रेल्वेबांधणीवरचं १९९५चं पुस्तक वाचलं. त्याला तीन महिने लागले. चष्म्याचा नंबरही बदलला!

पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली, हे सगळ्यांना पाठ असतं. त्यानंतर रूळ घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीला, १८५६ला पोचले. वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे गाडी १८५८च्या जूनमध्ये सुरू झाली. मधला डोंगर तसाच. मुंबईहून येणारा उतारू खोपोलीला उतरायचा, पालखीने, घोड्यावर किंवा चालत घाट चढायचा आणि वर खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचा. तो मधला तुकडा जोडण्यासाठी सात वर्षं लागली. पावणेसोळा मैलांत १८३१ फूट चढायचं होतं. सगळ्यात कठीण जागी ३७ फुटांना एक फूट असा चढ. २५ बोगदे, ८ मोठे पूल. सगळ्या बोगद्यांची लांबी मिळून साधारण सव्वादोन मैल, आणि ती सगळी आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडातून.

हा दगड कसा आहे ते आम्हा मावळातल्यांना विचारा. पाटा टाकवायला बसलेल्या बाईचा हात भरून येतो. त्यात पहारेने, घणाने हाताने भोक पाडायचं, त्यात दारू ठासायची, वात लावायची आणि पळायचं. तेव्हा डायनामाइट नव्हतं, साधी काळी दारू. कड्यात जिथे पाय ठेवायला जागा नाही तिथे माणसांना वरून दोरखंडाने खाली सोडायचे आणि लोंबकळत भोकं पाडायला लावायचे. मी नागफणीला लहानपणी गेले होते, कड्यावरून खाली नुसतं बघितलं तर पोटात गोळा आला होता.

बोटं कशी जातात याचाही आता अंदाज करता येतो. सुरुंगाची एखादी वात विझते, दारू तशीच राहते. मग कोणीतरी ती उकरून काढायची असते. किंवा ठासताना लोखंड दगडावर घासून ठिणगी पडते. थोटे बाबांचं यातलं काय झालं, कोण जाणे. हात होता, म्हणजे जीव वाचला, आणि विळा डाव्या हाताने का होईना धरता येत होता.

काम बाराही महिने सारखं चालत नव्हतं. आमच्याकडे पाऊस कसा कोसळतो ते लोणावळ्याला येणाऱ्या पर्यटकांनाही माहीत आहे. चार महिने उघड्यावरचं काम बंद, बोगद्यांच्या पोटात काय चालेल तेवढं. म्हणजे मावळातल्या माणसाला हे सोयीचंच होतं. दिवाळीच्या सुमाराला भात कापून झोडलं की घाटात जायचं, आणि मृगाच्या आधी पेरणीला परत. कुसगावहून खंडाळा चालत तास-दीड तास. कोणी पाटी घेऊन, कोणी पहार घेऊन. बायकाही असायच्या आणि पोरंही, दगड-माती वाहायला. थोटे बाबांची बायको त्यात होती का? आजीने तिच्याविषयी काहीच सांगितलं नाही. कोतवाल बुकात तर बाईची नोंदही नवऱ्याच्या नावाने, "अमक्याची बायको" अशी. त्यामुळे माझी खापरपणजी मला नुसती बायको म्हणूनच सापडेल, सापडली तर.

मावळातलेच नव्हते सगळे. देशावरून, लांबून लांबून माणसं आली. १८६१मध्ये एका वेळी ४२,००० माणसं घाटात कामावर होती, असं लिहून ठेवलंय. बेचाळीस हजार! कुसगाव, कुरवंडे, वलवण, तुंगार्ली ही तेव्हा काही घरांची गावं. त्यांच्या अंगणात अख्खं शहर येऊन बसलं. पाणी कुठलं, संडास कुठले? पटकी यायचीच, आणि आली.

आणि आता मला ज्याच्यासाठी हे सगळं लिहायचं होतं ते.

घाटाचं पहिलं कंत्राट विल्यम फॅव्हिएल नावाच्या इंग्रजाकडे होतं. ठाण्यापर्यंतची ती पहिली लाईन बांधण्यात तोही होता. त्याच्या हाताखाली गोरे देखरेखदार आणि पोटकंत्राटदार, त्यांच्याखाली आपले मुकादम, त्यांच्याखाली मजूर. पैसा वरून खाली यायचा तो इतक्या हातांतून. १८५९च्या जानेवारीत मजुरांनी घाटात दंगा केला. कारण एकच, मजुरी थकली होती. काम करून घेतलं आणि पैसे मिळेनात. माणसं दगड आणि काठ्या घेऊन गोऱ्या देखरेखदारांवर धावून गेली. राणीचा जाहीरनामा निघून तीन महिने झाले नव्हते, सत्तावन सालची धग अजून गेली नव्हती, अशा दिवसांत! सरकारने चौकशी लावली. मार्चमध्ये फॅव्हिएलने कंत्राट सोडलं.

हे वाचत होते तेव्हा दुपार होती. वाचता वाचता थांबले, आणि आजीचं एक वाक्य कानात आलं.

माझे वडील तळेगावला कामाला जायचे. शनिवारी निघताना आजी उंबऱ्यात यायची आणि म्हणायची, "बटवडा हातात पडल्याबिगर घाट सोडू नगं रं बाबा." दर शनिवारी. बटवडा म्हणजे आठवड्याचा पगार वाटतात तो. वडील हसायचे, "आये, तळेगावला कुठला आलाय घाट?" आजीलाही ते सांगता यायचं नाही. म्हणायची, "आमच्यात असंच म्हनत्यात." तिच्या सासूकडून आलेलं, सासूला म्हाताऱ्या सासऱ्याकडून. आम्हाला ती आजीची सवय वाटायची, बाहेर पडताना दही हातावर ठेवावं तशी.

मी पुस्तक मिटून ठेवलं. उगाच भावूक होऊन काही जोडू नये, हे मीच मुलांना शिकवलेलं आहे. एका वाक्यावरून इतिहास होत नाही. घाटात काम केलेल्या कुठल्याही माणसाने असं म्हटलं असतं. १८५९च्या त्या दिवशी थोटे बाबा दगड घेऊन धावले, की झाडाआड लपले, की त्या आठवड्यात भात-पेंढ्याच्या कामाला घरीच होते, यातलं मी काहीच म्हणणार नाही. पण बटवडा बुडाल्याशिवाय कोणाच्या घरात असं वाक्य तीन पिढ्या टिकत नाही, एवढं मात्र माझं मत आहे. आणि ज्या गोष्टीत ते मुकादम होते ती खरी असती, तर ते वाक्य आमच्या घरात आलंच नसतं. कदाचित ज्यांचे पैसे अडकले त्यांच्याकडून ते आम्हाला ऐकावं लागलं असतं.

तीस वर्षं मी मुलांना कोणाचा अभिमान सांगत होते, हा विचार त्या दिवशी रात्रीपर्यंत डोक्यातून गेला नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. फॅव्हिएल गेल्यावर काही महिने कंपनीनेच काम चालवलं. मग सॉलोमन ट्रेडवेल नावाचा नवा कंत्राटदार १८५९च्या नोव्हेंबरात आला आणि पंधरवड्यात आजारी पडून वारला. त्याची बायको अॅलिस हिने कंत्राट सोडलं नाही. अॅडमसन आणि क्लाऊझर या दोघांना कामावर नेमून तिने ते पुरं करून दिलं. घाटाच्या कामाची छायाचित्रंही तिने काढल्याचं सांगतात. मला ही बाई आवडली, खोटं कशाला बोलू. नवरा परक्या देशात गेलेला, आणि ही चाळीस हजार माणसांच्या कामाची मालकीण. पण मग वाटलं, तिचं नाव मला कळलं, तिच्या दोन मॅनेजरांची नावं कळली, ज्याने आखणी केली त्या मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कलीचं कळलं (तो बिचारा घाट पुरा झालेला बघायला राहिला नाही, १८६२लाच गेला), आणि त्या बेचाळीस हजारांतलं एक नाव मला कळायला १८९४ साली ताप यावा लागला.

१८६३ला गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाट सुरू झाला.

आपल्यांपैकी घाटात नाव राहिलं ते एकट्या शिंग्रोबाचं. साहेबाला डोंगरातून वाट दाखवणारा धनगर, बक्षीस म्हणून स्वातंत्र्य मागितलं आणि गोळी खाल्ली, अशी त्याची कथा. जुन्या रस्त्याने जाणारे ड्रायव्हर अजून देवळापाशी नाणं टाकतात. कथा आहे, इतिहास म्हणून मी ती शिकवली नाही. पण देव झाल्याशिवाय नाव राहिलं नाही, हे खरंच.

दंगलीचं एक पाऊल मात्र कागदावर उमटलं. पुढच्याच वर्षी, १८६०ला, सरकारने नववा कायदा केला. रेल्वे आणि तशा सार्वजनिक कामांवरचे मालक-मजुरांचे मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने लवकर निकालात काढावेत, असा. वाचून बरं वाटतं, पण तोच कायदा काम सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षाही सांगतो. दोन्ही एकाच पानात.

घाटही आता तसा राहिलेला नाही. गाडी जिथे उलटी फिरायची ते रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ला गेलं. त्याच्याजवळचा अमृतांजन पूल आपण सगळ्यांनी गाडीच्या खिडकीतून पाहिलेला, तो २०२०च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत सुरुंग लावून पाडला. आणि खोपोलीहून येणाऱ्या नव्या रस्त्याचा बोगदा थेट आमच्या कुसगावच्या अंगाला निघाला आहे, एकटाच जवळजवळ नऊ किलोमीटरचा! बोरघाटाच्या पंचवीस बोगद्यांच्या दुपटीहून जास्त. त्याचं खोदकाम चाललं होतं तेव्हा कधीकधी आमच्या फळीवरची भांडी वाजायची. कामावरची परप्रांतातली पोरं संध्याकाळी नाक्यावर चहाला यायची. एकदा एकाला विचारलं, पगार कसा मिळतो रे तुला? त्याने मोबाईल दाखवला. म्हणाला, इसमें आता है, आजी. मी विचारलं, आणि नाही आला तर? तो हसला आणि चहाचे पैसे देऊन गेला. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

शेवटी दादाला फोन केला. रुपयाचं बोलले नाही, पण कोतवाल बुक आणि रजिस्टर वाचून दाखवलं. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "त्या काळच्या लिहिणाऱ्यांना काय कळत होतं! चुकून घातलं असेल पोराच्या नावापुढे." मी म्हटलं, "आणि थोटा? तेही चुकून?" त्यावर त्याने फोन वहिनींकडे दिला. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, जाऊ द्या हो, सणासुदीचं."

संध्याकाळी सात वाजता त्याचा परत फोन आला. इकडचं तिकडचं बोलला, भात कसंय, गुडघा कसाय. मग थोडा थांबून म्हणाला, "अगं, त्या दंगलीनंतर... त्यांचा बटवडा झाला का गं शेवटी?"

मी त्याला १८६०चा कायदा सांगितला. तो म्हणाला, "कायदा नको सांगू. पैसे मिळाले का ते सांग."